ममताताईंचा नंबर

“पोरी, हा पैसा भिशीत नोको अडकवू,” सासरे दौलतराव म्हणाले होते. “भट्टीले कोळसा लागते तवा लागते. उद्या देतो म्हनून चालत नाई.”

“बाबा, तुमच्या स्टील प्लांटमधल्या गोष्टी इथं कावून आणता?” हर्षा हसली होती, आणि लहानग्या गोलूला कडेवर घेऊन आत गेली होती.

तिचा नवरा भूषण रायपूरच्या एका प्रायव्हेट फंडात होता. फंड हथखोजच्या कारखान्यांत भागीदारी घ्यायचा, आणि फंडातल्या माणसांनाही सोबत स्वतःचा पैसा घालावा लागायचा. रक्कम आधी कबूल करायची. ती भरायची मात्र बोलावणं येईल तेव्हा, दहा दिवसांच्या आत. चुकलं, तर आधी घातलेल्यातलंही अर्धं बुडायचं. म्हणून दर महिन्याला काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकायचं काम भूषणनं हर्षावर सोपवलं होतं.

पण ममताताई होत्या ना! भूषणचे सीनियर अरुणकुमार यांची बायको. पूर्वी जुनवानीत हर्षाच्याच गल्लीत राहायच्या, आता नेहरू नगरात दुमजली घर. त्यांच्या हॉलमध्ये बायकांची मोठी भिशी चालायची. त्या मऊ सोफ्यावर आपणही ऐटीत बसावं म्हणून हर्षानं खात्यातला पैसा भिशीत वळवला. चिठ्ठ्या निघाल्या, तिचा नंबर आला शेवटून दुसरा. ममताताईंचा अर्थातच तिच्या कितीतरी आधी.

आणि मग भूषणच्या फंडाचं बोलावणं आलं. हर्षानं भूषणला काहीच सांगितलं नाही. स्कूटी काढली आणि थेट नेहरू नगर गाठलं.

पोर्चमध्ये गाडी नव्हती. नवी घेऊन राहिले असतील, तिनं मनात म्हटलं. ममताताईंच्या हातात पाटल्या नव्हत्या. मोडून हिऱ्याच्या करायला टाकल्या असतील. एसीसुद्धा बंद! आता यांना थंड हवेचाही कंटाळा आला वाटतं.

“ताई, या महिन्याचा तुमचा नंबर मले देता का? लई अडलंय.”

ममताताईंनी रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. मग हसल्या. “अगं, घे ना! इतकं काय तोंड पाडतेस? मेरा नंबर तू ले ले, तुझा मी घेईन मंग.”

किती सहज देऊन टाकलं! रस्ताभर हर्षा जळत राहिली. पैशाचं ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांचंच असं चालतं.

रक्कम वेळेवर भरली गेली. पुढच्या आठवड्यात जेवताना भूषण म्हणाला, “अरुणभाऊंचं भरायचं राहिलं. त्यांचं अर्धं गेलं ना. चार दिवस झाले, ऑफिसलाही नाही आले.”

घास हर्षाच्या हातातच राहिला. “त्यांचं? त्यांच्याकडं तर…”

“अगं, बोलावणं सगळ्यांनाच आलं होतं. त्यांचा आकडा तर आपल्यापेक्षा मोठा.”

गाडी, पाटल्या, बंद एसी. डोळ्यांसमोर सगळं होतं. पण आपल्यासारखंच बोलावणं त्या घरीही गेलं असेल, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. ममताताईंना अडचण असू शकते, हेच तिच्या हेव्याला मान्य नव्हतं.

दौलतराव ताटावरून उठताना तिच्याकडं पाहून थांबले.

तिनं फोन लावला. बंद. भिशीच्या बायकांनाही ममताताईंची काही खबर नाही. दोनदा स्कूटी काढली, दोनदा हायवेवरून परत वळली. काय तोंड दाखवणार? आणि खरं सांगायचं तर आत अजून काहीतरी जळतच होतं: मन मोठं करण्यातही याच का पुढे?

तुमचं नेहरू नगरला जाणं झालं, तर हर्षाचं एवढं ऐका. दुमजली घर, पोर्च रिकामा. बेल वाजवा. दार लवकर उघडलं नाही तरी निघून येऊ नका. ममताताई जेवल्यात का, तेवढं बघून या. आणि हर्षाला कळवा.