राजाला नव्या इंजिनावर बसवायचं की नाही

आमचे हे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि रविवारी स्वतःचं उघडतात.

रविवारी दवाखाना बंद असतो, तरी वेटिंग रूम भरलेली असायची. दात एकाचाही दुखत नसे. भूमितीचे मास्तर, विमा विकणारे एक गृहस्थ (त्यांना सगळे विमावालेच म्हणत), लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर आणि आमचे हे. चौघं कॉलेजात असताना ‘तळघराचा राजा’ नावाचा कॉम्प्युटर गेम खेळायचे. एका ठेंगण्या राजाचं राज्य जातं, आणि त्याला तळघरातून एकेक मजला चढत वर यायचं असतं. गोष्ट एवढीच. पण हे चौघं ती अशा गहिवरानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या तळघरात ह्यांचीच इस्टेट बुडालीय.

अडचण अशी, की तो जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की चित्रं, आवाज, नकाशे जुन्या सीडीवरून घ्यायचे आणि गेमच्या पोटातलं यंत्र, ज्याला इंजिन म्हणतात, तेवढं नवं घालायचं. असं इंजिन ओपन सोर्स मिळतं; त्याचा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. झालं! हे शक्य आहे का, ते तपासायला व्यवहार्यता समिती नेमली गेली. समितीत हेच चौघं, अध्यक्ष मास्तर.

समितीनं आधी बरेच महिने बोधचिन्हावर घालवले. नंतर वाद निघाला, की जुन्या गेममधल्या चुका नव्यात ठेवायच्या का. पहिल्या मजल्यावरचा एक पहारेकरी भिंतीत अडकून जागच्या जागी पाय हलवत राहायचा. विमावाले म्हणाले, “एवढं तरी दुरुस्त करू.”

मास्तर उभे राहिले. “तो अडकलेला नाही. तो निष्ठावंत आहे.”

त्यावरून अबोला झाला. दवाखान्याचं काउंटर मी सांभाळते, त्यामुळे अबोल्याचे कपही मीच विसळले.

पण ह्या सगळ्यांचा जीव अडकला होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या निळ्या दारात. ते दार कधीच उघडत नाही. त्यामागे काय असेल, ह्यावर मास्तरांचा स्वतःचा सिद्धांत होता: खांबांच्या सावल्या जिथे छेदतात, तिथे राजाला उभं करावं, म्हणजे दार उघडेल. इंटरनेटवरचे परगावचे वेडेही ह्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा मानत. हिरड्यांची निगा कशी राखावी, ह्या आमच्या तक्त्यावर मास्तरांनी पेन्सिलीनं त्या सावल्या काढून ठेवल्या होत्या.

अशात माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, बदली होऊन आमच्या शहरात आली. ती प्रोग्रॅमर आहे. स्वतःचं घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिली. एका रविवारी ती चहाचा कप घेऊन वेटिंग रूममध्ये टेकली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, “दादा, होण्यासारखं आहे की हे.”

कुणीतरी मयतीची बातमी आणावी तशी शांतता पसरली.

“म्हणजे?” फोटोग्राफरनं विचारलं.

“म्हणजे होईल. मी करते. सीडी द्या.”

मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, इतकं सोपं असतं तर आम्ही समिती कशाला नेमली असती?”

“मलाही तेच कळत नाहीये.”

तिनं खरंच केलं. ऑफिस सांभाळून, जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप ठेवून, अधूनमधून त्या इंजिनाला शिव्या घालत केलं. आणि एका रविवारी, ज्या स्क्रीनवर हे लोकांना त्यांच्या दाढांचे एक्स-रे दाखवतात, तिच्यावर ठेंगणा राजा तुरुतुरु चालू लागला.

ह्यांचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं. पण तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “भिंतींचा करडा रंग जुन्यात जरा उदास होता.” विमावाल्यांना राजाची उडी हलकी वाटली. ह्यांनीही डोळे पुसून, दार उघडताना ‘कुर्र’ व्हायचं ते ‘किर्र’ होतंय, असं नोंदवून घेतलं.

“करते दुरुस्त,” नणंद म्हणाली. “आणि पहारेकरी अडकलेलाच ठेवलाय, घाबरू नका.”

मास्तर मंद हसले. “तिसऱ्या मजल्यावर पोचा, मग बोलू. खरी परीक्षा तिथे आहे.”

“दाराचं म्हणताय ना? नकाशाची फाईल उघडून बघितली मी. मागे काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“खोली नाही, खजिना नाही. दारच नाहीये ते, दाराचं चित्र आहे. भिंत ओकीबोकी दिसत असेल, म्हणून कुणीतरी चिकटवलं असणार.”

दाढ काढावी लागेल म्हटल्यावर पेशंटचा चेहरा होतो, तसे चार चेहरे झाले. फोटोग्राफर पुटपुटला, “फाईल अर्धवट असेल.” मास्तरांनी तक्त्यावरच्या पेन्सिलीच्या सावल्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “काही नसण्यालाही काही अर्थ असतो.” आणि चहा न पिता गेले.

पुढच्या रविवारी समितीचा अहवाल आला. मास्तरांनी उभं राहून वाचला: “सर्व बाजूंनी विचार करता, प्रस्तुत गेम ओपन सोर्स इंजिनावर नेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे.”

त्यांच्या पाठीमागे स्क्रीनवर राजा उभा होता. कुणी खेळेना, म्हणून जांभया देत होता.

नणंद म्हणाली, “मास्तर, जरा मागे वळून बघा.”

“मागे जे दिसतंय तो ‘तळघराचा राजा’ नव्हे.”

“मग कोण आहे? त्याचा चुलतभाऊ?”

“नक्कल आहे. आत्मा आलेला नाही.”

“आत्म्याची फाईल सीडीवर नव्हती.”

मतदान झालं. विमावाले आणि फोटोग्राफर यांचे हात ताबडतोब वर गेले. ह्यांनी बहिणीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि हात अर्धवट, कानापर्यंत नेला. वाटल्यास खाजवत होतो म्हणता आलं असतं. विमावाल्यांनी तो अहवालाच्या बाजूनं मोजला.

नणंदेनं मुकाट्यानं वायरी गुंडाळल्या. तिला घर मिळालंच होतं. त्याच आठवड्यात ती राहायला गेली. ह्यांच्याशी बोलली नाही. गेमसाठी केलेलं काम मात्र तिनं इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं. ज्याच्याकडे जुनी सीडी असेल त्यानं खेळावं. लोक खेळू लागले. कुठली कुठली माणसं तिला धन्यवाद देत होती, आणि आमच्या वेटिंग रूममध्ये तिच्या निषेधाचा मसुदा चालला होता.

मग एके दिवशी तिचा मला फोन. हसू आवरत नव्हतं. “वहिनी, मास्तरांनी फोन केला होता. म्हणे, एका विद्यार्थ्यासाठी विचारतोय, दुसऱ्या मजल्यावरचा पूल कसा ओलांडायचा?”

“मग?”

“अगं, तो पूल ओलांडल्याशिवाय तिसरा मजला येतच नाही! हा माणूस त्या दारापाशी जन्मात गेलेला नाही.”

जेवताना मी हे ह्यांच्या कानावर घातलं. हातातला घास हातातच राहिला.

त्या रविवारी ह्यांनी सभेत सांगितलं, की मला माझं मत बदलायचंय; बहिणीनं केलं ते खरं आहे आणि उत्तम आहे. मास्तरांचं नाव काढलं नाही. तेवढा सभ्यपणा त्यांच्यात आहे. तरी समितीनं ह्यांना एकमतानं काढून टाकलं. स्वतःच्या दवाखान्यातून हे बाहेर आले आणि पेशंटसारखे पॅसेजमध्ये उभे राहिले!

मी किल्ल्या घेऊन आत गेले. “उठा. लादी पुसायचीय.”

समिती आता मास्तरांच्या घरी भरते म्हणे.

दुपारी हे नणंदेच्या नव्या घरी गेले. मी सोबत होते. माफी मागितली नाही. ह्यांच्या घराण्यात माफी मागत नाहीत, काम मागतात. “काही करायचंय का?” दारातूनच विचारलं.

तिनं ड्रिल मशीन हातात दिलं. “फळी लावायचीय. भोकं पाडायची सवय आहे ना तुला, दादा?”

ह्यांनी भिंतीला कान लावला, बोटानं टकटक केलं, फार हळुवारपणे भोकं पाडली. फळी तिरकी बसली. नणंदेनं पुस्तकांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि फळीवर एक हलकी कुंडी मांडली.