उजवीकडची जागा

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे आमच्या घरात जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लिफ्टमध्येच सापडतं. मुलीचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा हे म्हणाले, "दारच नीट लागलं नव्हतं, तर लिफ्ट हलणार कशी?" मुलगी रडता रडता हसली. मला मात्र यांच्याच पान्याने यांचं डोकं आवळावंसं वाटलं होतं.

गेल्या वर्षी माझा डावा स्तन काढला. कॅन्सर होता. औषधांनी केस गेले, परत आले ते कुरळे होऊन आले. उजवा तेवढा धडधाकट राहिला. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी यांनी आपली उशी उचलली आणि पलंगावर माझ्या उजवीकडे येऊन आडवे झाले. लग्नापासून भिंतीकडची बाजू न सोडलेला माणूस! झोपेत यांचा हात पूर्वीसारखाच माझ्यावर आला. मी अजून आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पण तपासणीच्या रांगेत एक बाई भेटली. तिने दोन्ही काढून घेतले होते. "कटकट मिटली," म्हणाली. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "उजवा निरोगी आहे. काढला तर तिथे नवीन कॅन्सर व्हायची भीती जवळजवळ जाईल, पण त्याने आयुष्य वाढेल असं नाही. जुना उलटायचा असेल तर हाडात, फुफ्फुसातही उलटू शकतो. घाई नको. घरी बोला."

घरी बोला म्हणे! आमच्याकडे बोलतं कोण?

तरी त्या दुपारी भाजी चिरताना मी विचारलं, "काय करू हो?" मला फक्त 'राहू दे' एवढंच ऐकायचं होतं. हवा होता मला माझा उजवा.

हे बराच वेळ बोटांवरचं ग्रीस पुसत बसले. मग म्हणाले, "लिफ्टला चार-पाच दोर असतात बघ. एक झिजला की आम्ही सगळेच बदलतो. बाकीचे चांगले दिसले तरी..."

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. हे हत्यारांची पिशवी उचलून पळाले.

मी सुरी खाली ठेवली. घ्या, मिळालं उत्तर! मी खोकले की यांचा घास तोंडातच थांबतो, ते मला दिसत होतंच. यांचा जीव टांगणीला लावून मी आपलं अंग कुठे जपत बसू? हे परत आले तशी दारातच सांगितलं, "ठरलं माझं. काढून टाकते."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. आता पुन्हा विचारू नका." मी इतकी फणकारले की यांनी पुन्हा विचारलंच नाही.

ऑपरेशन झालं. जखम सुकत आली तेव्हा काढलेल्या भागाचा रिपोर्ट घ्यायला गेलो. "काहीही सापडलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. हे सवयीने वर बघत आवाज ऐकत होते.

"चांगला होता म्हणजे," हे म्हणाले.

"होताच. पण तुमचा नियम ना! एक झिजला की सगळे बदला."

हे गर्रकन वळले. "अगं, माझं बोलणं पुरं कुठे झालं होतं?"

"मग काय होतं पुढे?"

"की माणसाचं तसं नसतं. की राहू दे. परत आलो तर तू ठरवून बसलेली. अंग तुझं, भीती तुझी. मी कोण नको म्हणणारा?"

मला यांचा राग आला, माझा आला, त्या दिवशी अडकलेल्या माणसांचाही आला. जरा वेळ थांबली असती तर काय मेली असती?

लिफ्ट तळाला आली. दार उघडलं. बाहेर माणसं खोळंबली होती. दार अडवणाऱ्यांवर आयुष्यभर खेकसत आलेला हा माणूस दारातच उभा राहिला. मला जवळ घ्यायला यांनी हात पुढे केला. तो उजवीकडे आला आणि मधेच थांबला. कुठे ठेवावा ते यांना कळेना.

"दुखत असेल ना अजून," हे म्हणाले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.