रईसाची पंधरा मिनिटं

वाळूजच्या एका कारखान्यात रईसा गाड्यांचे सुटे भाग तपासायची. २०१३चा दुष्काळ होता. शहराच्या कडेला वाढलेल्या तिच्या वस्तीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. पाण्याच्या रांगेत ती हंड्याला टेकून झोपली तेव्हा बायकांनी तिला आळशी ठरवलं. कामावर टेबलावरच मान पडली तेव्हा सुपरवायझर बद्रीनाथ ओरडले, "घरी झोपत नाय का गं?" एकदा मैत्रिणीच्या विनोदावर हसता हसता तिचे गुडघे ढिले पडले अन् ती खालीच बसली. शुद्ध होती, पण हलता येईना.

अम्मी म्हणाली, "दर्ग्यावर जाऊ." रईसा गेली. पण परत आल्यावर तिनं एक वही केली अन् तीन महिने प्रत्येक डुलकीची वेळ लिहून ठेवली.

मेंदूच्या डॉक्टर मनस्विनी मॅडमनी ती वही पूर्ण वाचली. "हे सुरू होण्याआधी काही मोठं आजारपण?"

"स्वाइन फ्लू झाला होता. त्यानंतरच सुरू झालं."

झोपेची तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, "याला नार्कोलेप्सी म्हणतात. मेंदूत आपल्याला जागं ठेवणाऱ्या थोड्या पेशी असतात. तुझ्या त्या नष्ट झाल्यात. तापाशी लढताना शरीराच्या प्रतिकारशक्तीनं आपल्याच पेशींना शत्रू समजलं असावं. अजून पक्कं सिद्ध नाही. पण हा आळस नाही, एवढं नक्की."

"त्या परत येतील?"

"नाही. गोळ्या अन् ठरलेल्या वेळची झोप, यानं सांभाळता येईल."

बस स्टॉपवर ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद घेऊन ती बद्रीनाथांसमोर उभी राहिली. "साहेब, जेवणानंतर मला पंधरा मिनिटं झोपू द्या. तेवढा वेळ मी सुट्टीनंतर थांबते."

"तुला दिलं तर सगळेच मागतील."

"एक महिना बघा. माझ्या हातून एक खराब नग पुढं गेला, तर मीच राजीनामा देते."

बद्रीनाथ नाखुशीनं हो म्हणाले. रईसा रोज स्टोअरमधल्या बाकावर गजर लावून झोपायची अन् ताजी होऊन उठायची. तिसऱ्या आठवड्यात तिला एका नगावर केसाएवढा तडा दिसला. तिनं लाइन थांबवली. पूर्ण पेटी तपासली, तर अकरा नग तडकलेले निघाले. तिच्या आधी तपासणाऱ्या दोघा जणांच्या नजरेतून ते सुटले होते.

बद्रीनाथांनी डॉक्टरांचा तो कागद मागवून घेतला, त्यावर रोजच्या पंधरा मिनिटांना मंजुरी लिहून सही केली अन् म्हणाले, "लई चिवट हायेस तू."

"व्हय साहेब," रईसा म्हणाली अन् पुढची पेटी ओढली.