बोलण्याचा धडा

आमचे हे बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. तोंडाला कुलूप म्हणून नाही. घरी जेवताना मीठ मागायचे तेसुद्धा बोली लावल्यासारखं. अशा माणसाला घशाचाच कॅन्सर व्हावा! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर ह्यांना म्हणाले, "काय बोलायचं ते आज बोलून घ्या." मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. अख्ख्या संसारात हे माझ्याशी बोलले ते कांद्याबटाट्याबद्दल, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्यांबद्दल. आज तरी दोन शब्द माझ्या वाट्याला येतील, अशी मला आशा होती.

ह्यांनी हाक मारली ती पोरीला. "पुस्तक आणलंयस ना? काढ."

पोरगी इंग्रजीच्या परीक्षेला बसणार होती. रोजचा शिरस्ता असा, की ह्यांनी अक्षरं जुळवत शब्द वाचायचा आणि तिने अर्थ सांगायचा. त्या दिवशी नेमका बोलण्याचाच धडा निघाला. सगळे शब्द म्हणे बोलण्याच्या एकाच लॅटिन धातूतून फुटलेले.

"एलोक्वंट," हे घोगऱ्या आवाजात वाचत होते.

"ज्याचं बोलणं मनाला भिडतं तो."

"लो-क्वे-शस."

"वाचाळ. म्हणजे तुम्ही, बाबा."

दोघं हसली. माझं टाळकं फिरलं.

"अहो, तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तुमचा आवाज उद्या जायचाय!"

ह्यांनी पुस्तकातून मान वर केली. मग हळूच म्हणाले, "काय बोलू गं? दुपारपासून शोधतोय, काही सुचतच नाही. हे निदान छापलेलं तरी आहे."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. पान संपेपर्यंत त्यांचा आवाज ऐकत बसले.

ऑपरेशन होऊन हे घरी आल्यावर पोरगी पुस्तकाला हात लावेना. शेवटी एक दिवस ह्यांनीच ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद!

"सो... सोलि... सोलिलोक्वी," मी कसंबसं रेटलं.

"स्वतःशीच बोलणं," पोरगी म्हणाली.

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे गदगदा हलायला लागले. माझी फजिती बघून हसतायत असं वाटून मीही हसत सुटले. "हसा, हसा! आता माझ्या इंग्रजीला हसायचंच राहिलं होतं!"

पोरीने माझा हात घट्ट धरला. "आई, थांब. बाबा रडतायत."