धुतलेलं इंजिन

ती बाई गॅरेजात शिरली आणि आमच्या ह्यांना ‘सर’ म्हणाली, तिथूनच माझं डोकं फिरलं. सर! कोपरापर्यंत ग्रीसने बरबटलेला माणूस, पायात झिजून पापड झालेल्या चपला, आणि म्हणे सर! गिऱ्हाइकं ह्यांना मिस्त्री म्हणतात, जुनी असली तर काका म्हणतात, उधारी ठेवायची असली तर दादा म्हणतात. सर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे? हे चक्क लाजले. लग्नात लाजले नव्हते एवढे लाजले.

“सर, बघा ना, खाली तेल गळतंय,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात म्हणून मी ही गाडी घेतली.”

मी दाराजवळच्या टेबलाशी बसले होते. ते टेबल माझं. फोन मी घेते, पार्ट मी मागवते, बिल मी करते, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याला गप्पही मीच करते. हे फक्त गाडीखाली. त्यामुळे ‘तुम्ही म्हणालात म्हणून’ हे शब्द ऐकले आणि मी कान टवकारले. कधी म्हणाले? कुठे म्हणाले? आणि मला कसं नाही कळलं?

आता सांगते, कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की आधी मिस्त्रीला नेऊन दाखवतात. आमचे हे पूर्वी अशी बोलावणी आली की उठून चालू लागायचे, अर्धा दिवस घालवायचे आणि चहा पिऊन परत यायचे. नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या! मी ते बंद केलं. गाडी बघायची तर फी, आणि ती आधी माझ्या टेबलावर. ह्या बाईची फी माझ्या टेबलावर आलेली नव्हती.

“कधी बघितलीत हो गाडी?” मी विचारलं.

“अशीच. जाता जाता,” हे म्हणाले आणि सटकन गाडीखाली शिरले. ह्यांना काही लपवायचं असलं की हे गाडीखाली शिरतात. त्यांची सोय आहे ती.

बाई घरी केक बनवून पोचवायची. तीन मजली केक दुचाकीवरून नेताना वरचा मजला घसरतो, म्हणून साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली, असं तिने मला न विचारताच सांगितलं. दिसायला म्हणाल तर काही अप्सरा नव्हती. पण हसली की गालाला खळी पडायची आणि बोलताना समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायची. मला ह्या दोन्ही गोष्टी जमत नाहीत. मी मनातल्या मनात तिचं नाव केकवाली ठेवून टाकलं.

हे गाडीखालून बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून तेल टपकत होतं. “दोन शक्यता आहेत,” हे तिला समजावायला लागले. मला कधी समजावत नाहीत. “वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं असेल, तर तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली येतं आणि खालूनच गळतंय असं वाटतं. ते काम किरकोळ. पण मागचं सील गेलं असेल तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.” आणि मग हळूच म्हणाले, “वरचंच असू दे म्हणजे झालं.”

आता मला सांगा, गाडी हिची, खर्च हिचा, आणि देवाला साकडं हे घालणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात फोन वाजला, आणि बाहेरच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून मला आत जावं लागलं. बाहेर आले तर दोघं अजून गाडीशी उभी होती, हे काहीतरी बोलत होते आणि ती मान हलवत होती. मला बघून दोघंही गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले आणि शर्टाला पावडरीचा वास. साधासुधा नाही, चांगला गुलाबाचा. ह्या माणसाच्या शर्टाला जन्मात डिझेलखेरीज वास आला नव्हता. मी शर्ट नाकाशी धरून न्हाणीघरात उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला राग आला की रडू मागे पडतं. मी काही बोलले नाही. म्हटलं, चोर मुद्देमालासकट पकडायचा.

सकाळी ह्यांच्या आधी गॅरेजात जाऊन बसले. थोड्या वेळाने बघते तर हे त्या गाडीचं इंजिन धुऊन, पुसून, कोरडं करून त्यावर काहीतरी भुरभुरवतायत. अलगद, तान्ह्या बाळाला लावावी तशी. जवळ गेले. पावडर! गुलाबाची! आणि डबा माझा!

“अगं, पावडर टाकली की पहिलं तेल कुठून झिरपतं ते दिसतं,” हे ओशाळून म्हणाले. “जिथे आधी काळं पडलं तिथून गळती. कालही टाकली होती, पण नीट कळलं नाही.”

म्हणजे संशय फिटला म्हणायचा. तसा फिटलाही. पण फिटला म्हणून काय झालं? माझा डबा, मी बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवलेला, आणि रिकामा झाला केकवालीच्या इंजिनवर! माझ्या गालावरून ह्यांचा हात असा अलगद कधी फिरला होता? मी डबा हिसकावून घेतला. आत जेमतेम चिमूटभर उरली होती.

हे तास दोन तास गाडी फिरवून आले, विजेरी घेऊन वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. वरचं पॅकिंग गेलेलं होतंच. मागचं सीलही गेलं होतं. शिवाय पाण्याच्या पंपाखाली पांढरट खपली धरलेली, म्हणजे तोही झिरपत होता. एकाला तीन.

“फोन करून सांगू तिला खर्च?” मी पेन उचललं.

“नको. मी बघतो.”

“तुम्ही काय बघताय? बिल मी करते.”

“ह्याचं नको करूस.” आणि गेले गाडीखाली.

ह्याचं बिल नको! मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही, कारण विचारणारा गिअरबॉक्स उतरवण्यात दंग होता.

मग कळस झाला. स्पेअरवाल्याचा फोन आला. “वहिनी, मिस्त्रींना सांगा, सील आणि पंप दोन्ही आलंय. येऊन घेऊन जा म्हणावं.”

“किती झाले? खात्यावर लिहून ठेवा.”

“छे, ते रोख देऊन गेलेत. खात्यात घालू नको म्हणाले.”

रोख! ह्यांच्या खिशात रोख असते ती मी दिलेली. गेल्या आठवड्यात चष्म्याला आणि बुटांना म्हणून पैसे दिले होते. मी गाडीकडे पाहिलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, पायात त्याच पापड झालेल्या चपला. चष्मा तर सकाळीही डोळ्यावर जुनाच होता, एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेला. स्वतः आंधळ्यासारखा चाचपडेल, अनवाणी हिंडेल, पण केकवालीच्या गाडीला पंप नवा! मला हेवा वाटत होता, उघडउघड, आणि तो कुणाला सांगायचीही चोरी. एखाद्या बाईचा वाटला तर निदान चारचौघींत सांगता येतं. मला गाडीचा वाटत होता.

मी ठरवलं, हिला इथून घालवायची. तिची गाडी गेली की तीही जाईल, आणि हे पुन्हा आमच्या गॅरेजचे मिस्त्री होतील.

संधी मिळाली ती दुसऱ्याच दुपारी. हे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे ब्रेक तपासायला गाडी घेऊन गेलेले, आणि केकवाली आली. हातात खोका. केकच असणार, दुसरं काय असणार.

“सर नाहीत?”

“मिस्त्री बाहेर गेलेत,” मी म्हटलं. “बसा. बरं झालं आलात, तुमच्या गाडीचं बोलायचंच होतं.” आणि मी सुरू केलं. सील, पॅकिंग, पंप हे तर खरंच होतं. त्यावर क्लच घातला, रेडिएटर घातला, इंजिन उघडावं लागेल असं म्हटलं, आणि शेवटी असा आकडा सांगितला की माझा मलाच धक्का बसला. “माझं ऐका, बहिणीसारखी म्हणून सांगते. ह्या गाडीत पैसा घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. येईल त्या भावाला विकून मोकळ्या व्हा. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. आमच्याकडे तशीही कामं तुंबलीत.”

ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. तिची ती सवय! मग तिने खोका टेबलावर ठेवला.

“ताई, पैसे मी देणारच आहे,” ती म्हणाली. “सगळे नाही जमले तरी हप्त्याहप्त्याने. सरांना मी तेच सांगतेय, पण ते ऐकतच नाहीत. ‘चूक माझी, भरणार मी’, एवढंच धरून बसलेत.”

“चूक? कसली चूक?”

आपण नको ते बोललो हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मी अशी सोडणारी आहे होय? “कसली चूक?” मी पुन्हा विचारलं.

“विकणाऱ्याने इंजिन धुऊन ठेवलं होतं,” ती म्हणाली. “आरशासारखं चकचकीत. सरांनी झाकण उघडलं, बघितलं, म्हणाले इंजिन कोरडं आहे, घेऊन टाका. चालवून बघितलं नाही.”

मी हसले. खरंच हसू आलं मला. “शक्यच नाही. अहो, ‘धुतलेलं इंजिन दिसलं की लांबूनच हात जोडायचे’ हे त्यांचंच वाक्य आहे! धुतलंय म्हणजे काहीतरी पुसून टाकलंय. गाडी तासभर पळवल्याशिवाय आणि खाली तेलाचे थेंब बघायला पुठ्ठा घालून ठेवल्याशिवाय ते कुणाला हो म्हणत नाहीत.”

“तेच म्हणाले ते. मी शिकवतो लोकांना आणि मीच चुकलो म्हणाले.” तिने खोका जरा बाजूला सरकवला. “घाईत होते ना. जेवणाच्या सुट्टीत आले होते. फी घेतली नाही हे घरी कळायच्या आत परत जायचंय म्हणाले.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या, जिला गप्प करायला अजून कुणी जन्मलं नाही!

“गाडी आणली त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. तुम्ही आत फोनवर होतात. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, सर, होतं असं, माणूस आहे.” ती उठली. “ताई, मी बोलले ते त्यांना सांगू नका. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले होते.”

ती गेली. खोका तसाच टेबलावर. मी बघत बसले.

म्हणजे ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. सासू गेली तेव्हा पाठ फिरवून उभे होते, मला वाटलं होतं घट्ट मनाचे आहेत. आणि इथे, ह्याच जागी, माझ्यापासून चार हातांवर, एका परक्या बाईसमोर रडले, आणि ती ‘होतं असं, माणूस आहे’ म्हणाली. गुलाबाची पावडर परवडली. दुसरं काही लफडं असतं तर मी उभं चिरलं असतं दोघांनाही. पण हिने काय चोरलं होतं ते मला कुणाकडे मागताही येत नव्हतं.

हे आले. किल्ली खुंटीला लावली, खोक्याकडे बघितलं.

“आली होती?”

“आली होती.”

कपड्याला हात पुसता पुसता थांबले. “काय म्हणाली?”

“काही नाही. गाडी कधी मिळेल विचारत होती.”

मी वाट बघितली. म्हटलं आता सांगतील, आता बोलतील. हे बोलेनात, तेव्हा मीच दार उघडून द्यावं म्हणून, अगदी जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, “एवढं सगळं कसं हो निघालं त्या गाडीत? घेताना कुणी नीट बघितलीच नव्हती वाटतं?”

मऊच विचारलं होतं, शपथ घेऊन सांगते. पण माझ्या तोंडून ते नेहमीसारखंच आलं. माझं मलाच ऐकू आलं.

“असेल कुणीतरी आंधळा,” हे म्हणाले आणि गाडीखाली गेले.

मी उठले. गॅरेजाच्या त्या तेलकट जमिनीवर मी कधी टेकत नाही, पण टेकले, वाकले. खाली अंधारात ह्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसता पाना फिरताना दिसत होता.

“मला सांगितलं असतंत तर...” मी म्हटलं.

पाना थांबला. मग ह्यांनी अगदी साधं विचारलं, टोमणा नाही, राग नाही, “तर काय केलं असतंस?”

काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांनाही. केकवालीला त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. तिला सरळ सांगून टाकलं होतं.