झोपलेल्याचा होकार

"ठराव सकाळीच मंजूर झाला, आई. तू झोपली होतीस," गाडी चालवता चालवता मुलगा म्हणाला. आरशातून मागे बघायचं मात्र त्याने टाळलं.

लिफ्टबाईंनी डोळे चोळले. मांडीवर नातीचे पाय, पायाशी फळांची पिशवी आणि मानेमागे कुणाचा तरी ओला टॉवेल, अशा थाटात त्या गेले दोन आठवडे देश बघत होत्या.

"कसला ठराव?"

"तू आता आमच्याकडेच राहायचं. फाट्यावरून तुझ्या गावाला वळायचंच नाही, सरळ आमच्या घरी. सामान मी मागाहून आणतो."

"मतं कुणी कुणी दिली?"

"सगळ्यांनी. तूसुद्धा."

या घरात हे असंच चालत आलं होतं. लिफ्टबाईंचे यजमान हयात असताना नगरपालिकेत सभेचं कामकाज लिहीत. दुपारच्या जेवणानंतर सभागृहात निम्मे सभासद पेंगत आणि पेंगणाऱ्याचं मत होकारात धरलं जाई. शहराचा जो काही विकास झाला तो या एका प्रथेमुळेच, असं यजमानांचं ठाम मत होतं. सहलीला निघालं की चहाला कुठे थांबायचं इथपासून घरात भांडणं जुंपत. तेव्हा त्यांनी गाडीत हात वर करून मत देण्याची पद्धत आणली आणि सोबत तो नियमही आणला: जो झोपला, त्याची हरकत नाही. यजमान गेले, नियम राहिला.

लिफ्टबाई हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली. पेशंट, पेशंटचे नातेवाईक, जेवणाचे डबे, फुलं आणि मधूनच एखादी पांढरी चादर, सगळं त्यांनी वरखाली केलं. "मागे सरका, दार लागू द्या," हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की मुलाच्या लग्नात फोटोसाठी सगळे जमले तेव्हाही त्या तेच म्हणाल्या आणि पाहुणे मुकाट्याने सरकले. राहायला मात्र दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. संध्याकाळी घरी येऊन जिना चढणं ही त्यांची चैन होती. "दिवसभर मी वर जाते ती दोरीच्या जिवावर," त्या म्हणत. "घरी तरी स्वतःच्या पायांनी जाऊ दे."

आता त्याच पायांवरून हा ठराव आला होता. चार दिवसांपूर्वी टेकडीवरच्या एका मनोऱ्यापाशी बाकीची मंडळी आइस्क्रीम खात बसलेली पाहून लिफ्टबाई गुपचूप वर गेल्या. वरून देखावा छान होता. खाली यायची वेळ झाली तेव्हा गुडघ्याने साफ सांगितलं की आपलं काम संपलं. शेवटी मुलाने आणि एका अनोळखी पर्यटकाने त्यांना चहावाल्याच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. लोकांनी फोटो काढले. एका बाईने तर ही इथली काही प्रथा आहे का, असं विचारलं.

"आजी, तुझ्या खोलीला मी निळा रंग द्यायला सांगितलाय," नात म्हणाली. ती कॉलेजात होती आणि सगळ्या गोष्टी रंगावर सोडवत असे.

"शिवाय आमच्याकडे लिफ्ट आहे," मुलगा म्हणाला.

"तिच्यात बाई आहे का?"

"बाई कशाला? बटणं आहेत."

"मग ती लिफ्ट कसली, कपाट आहे ते."

पुढच्या सीटवर सूनबाई खुदकन हसली आणि नवऱ्याने बघितल्यावर खोकली.

"आई, थट्टा नको," मुलगा म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "घरात एकटी पडलीस तर? दार आतून बंद. किती वेळाने कळणार कुणाला?"

यावर लिफ्टबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच त्यांना त्याचा राग आला.

जेवायला थांबले तेव्हा मात्र त्या एकाएकी फार प्रेमळ झाल्या. नातीच्या ताटात आग्रहाने भात वाढायला लावला. सूनबाईला, "प्रवासात कसलं गं डाएट," म्हणून गोड मागवून दिलं. नात तर म्हणालीसुद्धा की आजीला खोली आवडलेली दिसते. लिफ्टबाई स्वतः अर्धपोटी उठल्या आणि तोंडावर गार पाण्याचे हबके मारून गाडीत बसल्या.

तासाभरात नातीचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. पुढे सूनबाईची मान कलली. गाडीत फक्त इंजिन बोलत होतं. दूरवर फाट्याचा फलक दिसला तशा लिफ्टबाई सरळ बसल्या.

"ठराव," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरी राहणार. बाजूने असतील त्यांनी हात वर करा." आणि स्वतःचा हात वर केला.

"आई, आपण दोघंच जागे आहोत."

"म्हणून तर. माझं एक आणि झोपलेल्यांची दोन. तुझं काय ते सांग, म्हणजे विरोध नोंदवते."

"हा चावटपणा आहे."

"मग सकाळी काय होतं?"

"सकाळी तुझ्या भल्याचं होतं."

"माझं भलं मी झोपलेली असताना करू नकोस रे. जागी असताना कर, म्हणजे मला भांडता येईल."

फलक जवळ आला. तो मोठा झाला, अक्षरं वाचता येऊ लागली, आणि गाडीने वेग कमी केला नाही.

"तुझ्या वडिलांचा नियम मोडायचा असेल तर मोड," लिफ्टबाई म्हणाल्या. "पण मोडलास तर दोन्ही ठराव मोडले. मग मला माझ्या घरापाशी सोड, तिथे उभ्याने भांडू."

मुलाने जोरात श्वास सोडला आणि इंडिकेटर दिला. टिकटिक ऐकूनही सूनबाई हलली नाही.

इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मुलाने बॅग उचलली, किल्ली घेतली आणि दाण दाण पाय आपटत वर गेला. नात पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत गेली. सूनबाई लिफ्टबाईंजवळ येऊन उभी राहिली.

"मी झोपले नव्हते," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. झोपलीस की घोरतेस तू."

सूनबाई ओशाळली. "तुम्ही मला नको आहात असं नाही हं, आई."

"असते तरी चाललं असतं. मत दिलंस, हे पुष्कळ झालं."

"माझ्या आईला आम्ही असंच आणलं होतं, दादाच्या घरी. छान खोली दिली होती," सूनबाई म्हणाली. "ती शेवटी शेवटी पाणी प्यायचं तरी विचारायची. पिऊ का म्हणून."

लिफ्टबाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. गुडघ्यालाही तेवढाच आधार झाला.

मुलगा धापा टाकत खाली आला. "खिडक्या उघडल्यात. नळाला गढूळ पाणी येतंय, थोडं सोडून दे. आणि आई, ठराव मान्य. पण जिना माझ्यासमोर चढून दाखव. इथे उभा राहून बघतो मी."

"बघ की. तिकीट नाही."

लिफ्टबाईंनी सगळी ताकद एका ठिकाणी गोळा केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कठड्याला हात लावला नाही. दुसऱ्या पायरीवर गुडघ्यात काहीतरी करकरलं. चेहरा भिंतीकडे होता, त्यामुळे तो कसा झाला ते कुणाला दिसलं नाही. पाठ मात्र ताठ होती. जिना वळतो तिथे सिमेंटची जाळी होती. तिच्यापाशी पोचून त्यांनी बोटं जाळीत घातली आणि खाली बघितलं.

"झालं समाधान? निघा आता. अंधार पडायच्या आत पोचायचंय तुम्हाला."

"रोज सकाळी फोन करायचा," मुलगा खालून म्हणाला. "नाही आला, तर मी गाडीत बसलोच म्हणून समज."

"करीन. जागा असशील तर उचल."

दारं लागली. गाडी निघाली. लिफ्टबाई खाली बसल्या, बसल्या म्हणजे जवळजवळ कोसळल्याच. पण जाळीतून बघतात तो गाडी कोपऱ्यावर थांबलेली. काचेतून मुलाचं डोकं वर वळलेलं. त्या जाळीला धरून पुन्हा उभ्या राहिल्या, हात हलवला, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिल्या.

मग त्यांनी चपला काढल्या. जिन्याकडे पाठ करून पायरीवर टेकल्या, दोन्ही तळहात मागे रोवले आणि अंग उचलून वरच्या पायरीवर ठेवलं. थोडं थांबल्या. पुन्हा उचललं.

वरून शेजारचे पेन्शनर काका पिशवी घेऊन उतरत होते. ते दचकले.

"अहो, काय झालं? बसलात अशा?"

"बसले नाही. चढतेय."

काका कठड्याला चिकटून उभे राहिले. पुढे जावं की मागे, हे त्यांना कळेना. "उलट्या?"

"अशाने पुढचं उरलेलं दिसत नाही. चढलेलं तेवढं दिसतं."

"हात देऊ का?"

"नको. मागे सरका तेवढे."

काका सरकले. लिफ्टबाईंनी चपला उचलल्या, हात मागे नेऊन न बघताच वरच्या पायरीवर ठेवल्या आणि त्यांच्या मागोमाग स्वतः गेल्या.