उद्या आम्ही जाणार

थोरल्या जावेच्या डोळ्याचं ऑपरेशन परदेशात करायचं ठरलं, तेव्हा सोबत कोण जाणार हा प्रश्न निघाला. थोरलीच्या लेकीचं बाळ अजून तान्हं होतं. धाकटी म्हणाली, "मी जाते." शिवणाच्या मशीनवर चादर टाकून ती निघाली. इंग्रजीचं काय, हे तिच्या ध्यानात आलं ते विमानात बसल्यावर.

दवाखान्यात दुभाषा होता, समोरच्या हॉटेलात नव्हता. थोरलीच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं नुसतं धूसर दिसायचं. त्यामुळे टॉवेल मागण्यापासून सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं. मग थोरलीची लेक बाळाला मांडीवर घेऊन फोनवरून शिकवायला लागली.

"काकू, पाहिजे असेल तर वॉन्ट. पुढे होणार असेल तर विल. आणि होणार नसेल तर वोन्ट."

"वॉन्ट आणि वोन्ट मला एकच ऐकू येतंय."

"मग त्या दोघांच्या वाटेलाच जाऊ नकोस. सगळीकडे विल लाव. वुई विल लीव्ह टुमॉरो. उद्या आम्ही जाणार."

धाकटीनं ते वाक्य आंघोळ करताना घोकलं, जिन्यात घोकलं. पण म्हणायची वेळच येईना. डोळ्यातला दाब उतरत नव्हता आणि डॉक्टर पट्टी काढणं पुढे ढकलत होते. दर वेळी काउंटरवरच्या मुलीसमोर ती जेमतेम "वन मोअर डे" म्हणायची आणि खोलीत येऊन थोरलीला सांगायची, "अहो ताई, काही नाही, डॉक्टरच जरा सावकाश गडी आहेत." थोरलीही हसल्यासारखं करायची.

शेवटी एकदा सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं समोर धरली. किती, असं दुभाष्यानं विचारलं. थोरलीनं बोटांकडे बघितलंच नाही. ती धाकटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीस तू. जेवतेस की नाही धड?"

  उद्या जायला हरकत नाही, असं दुभाष्यानं सांगितलं, ते धाकटीनं दोनदा विचारून घेतलं.

हॉटेलात शिरली ती थेट काउंटरपाशी. आनंदाच्या भरात तोंडातून निघालं, "वुई वोन्ट लीव्ह टुमॉरो."

मुलीचा चेहरा पडला. तिनं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं, मग आतून मॅनेजरला बोलावलं. दोघं हातवारे करून सांगू लागले: खोली दिलेली, दुसरी माणसं येणार, सॉरी. धाकटीला कळेना, जातो म्हटल्यावर एवढं वाईट कशाचं वाटतंय?

"काय म्हणालीस तू त्यांना?" थोरलीनं मागून विचारलं.

"जायचंय म्हणाले."

"मग ही माणसं सॉरी का म्हणतायत? फोनवर नको सांगितलेलं ते वोन्टच म्हणाली असशील."

धाकटीनं कपाळावर हात मारला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "टुमॉरो. वुई. विल. गो. होम."

मुलीनं असा श्वास सोडला की मॅनेजरही हसला. धाकटीनं थोरलीच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "गुड," ती म्हणाली. "व्हेरी गुड." तेवढ्यावरून मुलीला सगळं समजलं. तिनं काउंटरवरून हात पुढे करून थोरलीचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी किल्ली परत घेताना तिनं विचारलं, पुन्हा येणार का? विल ऐकून धाकटीला प्रश्न बरोबर कळला.

"नो," ती मनापासून म्हणाली. "वुई विल नॉट कम."

मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. पोरीनं इतके दिवस सांभाळून घेतलं होतं. "यू विल कम," ती म्हणाली. "अवर होम. आय विल कुक."

मुलगी हसून "आय विल" म्हणाली. बाहेर टॅक्सी लागली होती. थोरली धाकटीचा हात न धरता पायऱ्या उतरली आणि मागच्या सीटवर सरकून तिला जागा करून दिली.